जुन्या अँबेसेडरला पाचवा गिअर बसतो का?

मंडळी, जुनी अँबेसेडर हायवेला 80 वर नेली की इंजिन कसं कण्हायला लागतं, आठवतंय? कारण तिला गिअर चारच. चौथ्या गिअरमध्ये इंजिन जितके फेरे घेतं, तितकेच गिअरबॉक्समधून बाहेर येणारा शाफ्ट घेतो. पाचव्यात शाफ्टच्या एका फेऱ्याला इंजिनचे साधारण 0.8 फेरे पुरतात. म्हणजे त्याच वेगाला 3000 फेऱ्यांऐवजी 2400 मध्ये भागतं. आवाज कमी, पेट्रोलही कमी.

1990च्या दशकात हिंदुस्थान मोटर्सने इसुझूचं 1.8 लिटर इंजिन आणि पाच गिअरची अँबेसेडर आणली. तोच गिअरबॉक्स आपल्या 1489 सीसी इंजिनला लावू, असं वाटतं. पण दोन्ही इंजिनं वेगळ्या घराण्यातली! बोल्टच जुळत नाहीत, मध्ये अडॅप्टर प्लेट बनवून घ्यावी लागते. क्लच प्लेटचे दाते नव्या शाफ्टला बसले पाहिजेत. प्रोपेलर शाफ्ट कापून बॅलन्स करावा लागतो, नाहीतर गाडी थरथरते. दांडा स्टीअरिंगजवळ असेल तर खालचा पत्राही कापा. स्पीडोमीटरची केबल वेगळीच भानगड.

त्यापेक्षा इंजिनासकट गिअरबॉक्स बदलणं सोपं पडतं. मात्र इंजिन नंबर आरसीवर असतो, त्यामुळे आरटीओची परवानगी आधी घ्या, विमा कंपनीलाही कळवा.

आणि हो, पाचव्या गिअरने ताकद वाढत नाही. घाटात तिसराच टाकावा लागणार. हायवेला निवांत वाटून वेग वाढवाल, तर थांबवायला ब्रेक जुनेच आहेत. ते आधी तपासून घ्या.