शेकरूच्या नोंदींची विरळणी

भीमाशंकरास माणसांचा राबता मोठा. म्हणून तेथील शेकरूच्या नोंदीहि पुष्कळ, आडरानांतल्या मात्र क्वचित. त्या जशाच्या तशा संगणकास दिल्या, तर नकाशांत प्राण्याची आवड न उतरतां माणसाची वहिवाट उतरते! म्हणून शेतांतील रोपांप्रमाणें नोंदींचीहि विरळणी करावी लागते. केवळ अंतर पाहून भागत नाहीं. घाटमाथ्याचा पाऊस थोड्याच कोसांवर निम्म्याहून कमी होतो. तेव्हां तपमान व पर्जन्य यांचे अक्ष धरून बुद्धिबळाच्या पटासारखीं घरें पाडतात व प्रत्येक घरांत एकच नोंद राखतात. या रीतीनें भाकीत सुधारतें, असें सारा व्हरेला व सहकाऱ्यांस २०१४ सालीं आढळलें. ‘आर’ भाषेंतील ‘फ्लेक्सएसडीएम’ हें साधन हेंच काम करतें. घर केवढें, हें अभ्यासकानेंच ठरवावयाचें. फार मोठें धरल्यास दुर्मिळ प्राण्याच्या मूठभर नोंदीहि हातच्या जातात.