‘चाळीसच्या जागी चाळीस’ : जुन्या होडीसाठी इंजिनाची निवड

कोकण किनाऱ्यावरील मच्छीमारांचे व्यवसायशब्द गोळा करीत असता प्रस्तुत लेखकास एक गोष्ट वारंवार दिसून आली. होडीच्या एखाद्या भागाचे नाव विचारावे, तर नाखवा केवळ नाव सांगून थांबत नाही. तो भाग काय काम करतो, हे सांगितल्याखेरीज त्याचे समाधान होत नाही. अशाच एका चौकशीतून प्रस्तुत टिपणाचा विषय निघाला.

दापोली तालुक्यातील खाडीकाठच्या एका गावी आमच्या एका निवेदकाने आपल्या फायबरच्या जुन्या होडीचे मागे टांगण्याचे इंजिन बदलले. जुने दोन-स्ट्रोकचे, चाळीस अश्वशक्तीचे होते. नवे चार-स्ट्रोकचे, तेही चाळीसचेच. विकणारा म्हणाला, ‘चाळीसच्या जागी चाळीस.’ घेणाऱ्यासही ते पटले. पुढे एकदा मासळी भरून परतताना, खाडीच्या मुखाशी लाट मागच्या फळीवरून आत आली. जाळे समुद्रात सोडून व पाणी उपसून तिघे जण किनाऱ्यास लागले. जीव वाचले, जाळे गेले, आणि इंजिनासाठी काढलेले कर्ज तेवढे राहिले. अंक तोच असताना असे का व्हावे, हा त्याचा प्रश्न होता.

याचे उत्तर ‘अश्वशक्ती’ या संज्ञेच्या मर्यादेत आहे. ही संज्ञा इंजिनाचा एकच गुण सांगते. होडीविषयी ती काहीच सांगत नाही. म्हणून निवडीचा आरंभ होडीपासून करावयास हवा.

प्रथम वजनाचा विचार करू. चाळीस अश्वशक्तीचे साधे दोन-स्ट्रोक इंजिन सुमारे ७० ते ७५ किलोंचे असते. चार-स्ट्रोकचे ९५ ते १०० किलोंच्या आसपास जाते. हा पाव क्विंटलाचा फरक होडीच्या अगदी शेपटाशी पडतो, आणि इंजिन चालविणारा व इंधनाचे कॅनही बहुधा तेथेच असतात. त्यामुळे मागची बाजू खाली बसते व फळीची पाण्यावरील उंची कमी होते. चार-स्ट्रोकचे गुण खोटे नव्हेत. त्यास इंधन कमी लागते, आणि दोन-स्ट्रोकप्रमाणे पेट्रोलमध्ये ५० भागांस १ भाग तेल मिसळावे लागत नाही. परंतु या बचतीची किंमत वजनाच्या रूपाने द्यावी लागते, हे विसरता कामा नये.

दुसरा विचार मागच्या फळीचा. जुन्या फायबरच्या होडीत या फळीच्या दोन थरांमध्ये बहुधा लाकूड असते. बोल्टांच्या भोकांतून पाणी शिरून ते आतल्या आत कुजते. वरून मात्र काही दिसत नाही. लाकडी हातोडीने ठोकून पाहावे : निकोप जागी आवाज खणखणीत येतो, कुजलेल्या जागी बद्द. शंका आल्यास बारीक भोक पाडून भुसा पाहावा. तो ओला व काळपट निघाल्यास नव्या इंजिनाआधी नवी फळी हवी. जुने इंजिन वर उचलून हलविताना फळी लवत असेल, तरी निष्कर्ष तोच.

तिसरा विचार इंजिनाच्या दांड्याच्या लांबीचा. हे दांडे सामान्यतः १५, २० व २५ इंच उंचीच्या फळ्यांसाठी मिळतात. इंजिन टांगतात त्या जागी फळीच्या माथ्यापासून बुडापर्यंतचे अंतर मोजावे. पंख्यावरील आडवी पट्टी बुडाच्या पातळीस किंवा त्याखाली सुमारे एक इंच असावी. दांडा आखूड पडला, तर लाटेत पंखा हवा ओढून नुसताच फिरतो. फार लांब झाला, तर पाण्याचा अडथळा वाढतो व उथळ खाडीत पंखा वाळूस लागतो. दुरुस्तीत फळीची उंची बदललेली असू शकते; म्हणून जुन्या इंजिनाच्या मापावर विसंबू नये.

यानंतर शक्तीचा प्रश्न येतो. पाणी बाजूस सारीत चालणाऱ्या वजनदार होडीच्या वेगास तिच्या लांबीनेच मर्यादा पडते. जलरेषेवरील लांबी फुटांत घेऊन तिच्या वर्गमुळास १.३४ ने गुणले असता ही मर्यादा नॉटमध्ये मिळते. २५ फुटांच्या होडीस ती ६.७ नॉट, म्हणजे ताशी सुमारे १२ किलोमीटर येते. त्यापुढे शक्ती वाढविल्यास वेग अल्प वाढतो, इंधन मात्र भरमसाट जळते. सपाट बुडाच्या, पाण्यावर उचलून धावणाऱ्या हलक्या होडीस हा नियम लागू नाही. पण तीही मासळीने भरल्यावर सहजासहजी उचलत नाही.

शक्ती पाण्यात उतरते ती पंख्यातून. पंख्याचे ‘पिच’ म्हणजे एका फेऱ्यात तो तत्त्वतः जितके इंच पुढे जाईल ते अंतर. होडी नेहमीच्या ओझ्याने भरून, इंजिन पूर्ण वेगाने चालवून फेरे मोजावे. ते उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेपेक्षा कमी भरल्यास पिच कमी असलेला पंखा घ्यावा. एक इंच पिच घटविल्यास मिनिटाला साधारणतः १५० ते २०० फेरे वाढतात.

एका मोठ्या इंजिनाऐवजी दोन लहान घ्यावीत काय? एक बंद पडल्यास दुसऱ्यावर घरी येता येते, हे खरे. परंतु दोहोंचे वजन अधिक होते, आणि दोन्ही एकाच टाकीवर चालत असतील तर गढूळ इंधन दोघांनाही एकदमच बंद पाडील. शेवटी, सुटे भाग व कारागीर जवळपास आहेत काय, हेही पाहावे. नावाचा जुनेपणा ही त्याची हमी नव्हे : १९०९ मध्ये आरंभ झालेल्या एव्हिनरूड इंजिनांचे उत्पादन २०२० मध्ये थांबले.

पदाचा अर्थ वाक्यात ठरतो, असे आपण विद्यार्थ्यांस शिकवितो. इंजिनाची योग्यताही तशीच होडीत ठरते. आमच्या निवेदकाने पुढे मागची फळी उघडली, तेव्हा आतले लाकूड बोटाने चुरले. त्याने फळी नवी व चार इंच उंच केली, त्या मापाचा लांब दांडा बसवून घेतला आणि इंधनाचे कॅन मध्यभागी हलविले. इंजिन तेच आहे. ‘चाळीसचे’ हा शब्द मात्र तो आता एकटा वापरीत नाही. त्यापुढे किलो आणि इंच सांगतो.