छापील चूक आणि शिकणारे मूल

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत संगणकाच्या तासाला घडलेला एक प्रसंग प्रथम नोंदवितो. जावास्क्रिप्ट ही संगणकभाषा शिकविण्यासाठी आम्ही एक छापील पुस्तिका वापरत होतो. यादीत किती नावे आहेत हे मोजून दाखविणारे त्यातील उदाहरण धडगाव तालुक्यातील एका विद्यार्थिनीने जसेच्या तसे उतरविले. पडद्यावर संख्येऐवजी ‘अनडिफाइन्ड’ हा शब्द आला. तिने पाच वेळा पुसून पुन्हा लिहिले. अखेर उलगडा झाला: लांबी या अर्थाच्या ‘लेंग्थ’ शब्दाची शेवटची दोन अक्षरे पुस्तिकेतच उलटी छापली गेली होती. शेजारच्या मुलाचे उदाहरण चालले, कारण त्याने पुस्तिकेकडे न पाहता सवयीने लिहिले. घरी पावरी बोलणाऱ्या, शाळेत मराठी शिकलेल्या आणि इंग्रजी तिसरी भाषा म्हणून गिरविणाऱ्या मुलीला ती सवय कोठून असणार? चूक आपलीच, असे ती धरून बसली होती.

संगणक अशी चूक स्वतः का दाखवीत नाही, असे पालक विचारतात. जावास्क्रिप्टमध्ये यादीला नसलेल्या गुणधर्माचे नाव विचारले, तर ती तक्रार करीत नाही. असे काही ठरलेले नाही, एवढेच उत्तर देते. दोष कोणत्या अक्षरात आहे, हे त्यावरून कळत नाही. म्हणून संगणकभाषेच्या माहितीग्रंथातील, म्हणजेच डॉक्युमेंटेशनमधील, अक्षरदोष सर्वांना सारखा नडत नाही. इंग्रजी सरावाचा वाचक तो मनातल्या मनात सुधारून पुढे जातो. नवखा तेथेच अडतो.

तथापि दिसेल ते सुधारावे, असेही नाही. वाचक कोणत्या पानावरून आला हे कळविणाऱ्या ‘रेफरर’ या नोंदीचेच पाहा. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.० च्या दस्तऐवजात या नावातील एक ‘आर’ गळालेला आहे. तोवर ते नाव वापरात रुळले होते, म्हणून चूक तशीच ठेवावी लागली. जावास्क्रिप्टमध्ये मात्र तेच नाव पूर्ण अक्षरांनी लिहितात. दोन्ही रूपे आपापल्या जागी बरोबर! ‘कलर’ शब्दही आम्ही शाळेत ‘यू’ घालून शिकवितो, आणि सीएसएसमध्ये तो ‘यू’ घातला की रंग उमटत नाही. स्पष्टीकरणाच्या वाक्यातील शब्द शब्दकोश पाहून सुधारता येतो. आज्ञेतील शब्द आधी चालवून पाहावा लागतो.

‘शुद्ध’ आणि ‘अशुद्ध’ या शब्दांचा आपल्या समाजाला आलेला अनुभव कडू आहे. बोलीवरून माणसाची पायरी ठरविणाऱ्यांनी शुद्धलेखनाची पट्टी पुष्कळदा आपल्याच हातावर मारली. म्हणून वर्गात आम्ही ‘प्रमाणलेखन’ म्हणतो. माहितीग्रंथातील दुरुस्ती लिहिणाऱ्याची लायकी मोजण्यासाठी नसते. सांगितलेली कृती वाचणाऱ्याच्या हातून पार पडावी, यासाठी असते. सम्राट अशोकाने चौदाव्या शिलालेखात, लिहिणाऱ्याच्या दोषामुळे मजकूर कोठे अपुरा राहिला असण्याची शक्यता मान्य केली आहे. इतिहास शिकविताना हा लेख आम्ही कधी वगळत नाही.

त्या पुस्तिकेच्या प्रकाशकांना आम्ही पत्र पाठविले. उत्तर आले नाही. एमडीएन हा वेबभाषांचा माहितीग्रंथ मात्र डिसेंबर २०२० पासून गिटहबवर आहे. तेथे खाते असलेला कोणीही एखादी ओळ सुधारून प्रस्ताव पाठवू शकतो. जाणकार तो तपासतात, पटल्यास स्वीकारतात, आणि बदल कोणी व केव्हा केला याची नोंद राहते. पायथन भाषेच्या मंडळींनी तर केवळ अक्षरदोषासाठी आधी वेगळी तक्रार नोंदविण्याची अटही ठेवलेली नाही. प्रस्ताव पाठविणाऱ्याला पदवी वा हुद्दा सांगावा लागत नाही.

संगणकक्षेत्रात काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी एखाद्या रविवारी शाळेत येऊन असा प्रस्ताव कसा पाठवावा हे मुलांना दाखवावे, अशी आमची विनंती आहे. एका वेळी एकच दोष घ्यावा. मूळ ओळ आणि सुधारलेली ओळ मुलांकडूनच मोठ्याने वाचून घ्यावी. ती जुनी पुस्तिका अजून संगणककक्षात आहे. त्या विद्यार्थिनीने पेन्सिलीने केलेली दुरुस्ती पाहूनच पुढच्या तुकड्या ते उदाहरण लिहितात.