मातीचा नमुना आपल्या हातानं घेऊ या



पेरणी जवळ आली की घरोघरी खताचा हिशेब सुरू होतो. युरिया किती पोती, डीएपी किती, उधारी किती. पण आपल्या जमिनीत काय कमी आहे आणि काय आधीच भरपूर आहे, हे न बघताच पोती घरात येतात. ते बघायचं साधन म्हणजे माती परीक्षण. केंद्र सरकारची मृदा आरोग्य पत्रिका योजना २०१५ साली सुरू झाली. तिच्यात मातीचे १२ गुण तपासतात. मात्र प्रयोगशाळेत तपासली जाते ती फक्त अर्धा किलो माती. ती चुकीच्या जागेवरून घेतली, तर पत्रिकाही चुकीचंच सांगणार.

म्हणून आम्ही म्हणतो, नमुना घ्यायला बायांनी जावं. निंदणी, खुरपणी, वेचणी करताना पाणी कुठं साचतं, भेगा कुठं पडतात, पीक कुठं पिवळं राहतं, हे आपणच बघतो. काळी आणि मुरमाड माती एकत्र करू नका. रंग, उतार, खोली बदलली की नमुना वेगळा.

पीक निघाल्यावर आणि खत टाकायच्या आधी नमुना घ्यावा. बांधाजवळची, झाडाखालची, विहिरीजवळची, उकिरड्याची जागा सोडा. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणं धरा. वरचा काडीकचरा बाजूला करून वीतभराला थोडा कमी खड्डा घ्या आणि त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडा. फळबागेसाठी याहून खोल जावं लागतं. माती प्लॅस्टिकच्या घमेल्यात गोळा करा. जस्ती बादली किंवा गंजकं खुरपं वापरलं, तर जस्त आणि लोहाचे आकडे चुकतात. खताची रिकामी गोणीही नको.

सगळी माती कापडावर मिसळा, खडे काढा आणि भाकरीसारखी गोल पसरा. तिचे चार चतकोर करा. समोरासमोरचे दोन टाकून द्या, उरलेले दोन पुन्हा मिसळा. अर्धा किलो उरेपर्यंत असंच करा. माती ओली असेल तर सावलीत वाळवा, उन्हात नको. स्वच्छ कापडी पिशवीत भरून चिठ्ठी घाला: नाव, गाव, गट क्रमांक, तारीख, बागायत की कोरडवाहू, मागचं पीक, पुढचं पीक. पिशवी कृषी सहायकांकडे किंवा कृषी विज्ञान केंद्रात द्या.

पत्रिका आली की आधी तीन गोष्टी बघा. पहिली सामू. साडेसहा ते साडेसात असेल तर बहुतेक पिकांना चांगला. दुसरी क्षारता, म्हणजे मातीतले विरघळणारे क्षार. तिसरी सेंद्रिय कर्ब. तो ०.४० टक्के असेल, तर शंभर किलो मातीत कर्ब फक्त ४०० ग्रॅम. असा कमी कर्ब असेल तर शेणखत, कंपोस्ट वाढवा आणि पाचट, पऱ्हाट्या जाळू नका, त्यांचं खत करा.

मग नत्र, स्फुरद, पालाश. स्फुरद भरपूर असेल, तर पत्रिकेतल्या शिफारशीप्रमाणे डीएपी कमी करता येतं आणि तेवढे पैसे वाचतात. चुनखडीच्या जमिनीत सामू जास्त असतो. तिथं लोह मातीत असूनही पिकाला मिळत नाही. कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या दिसतात. कितीही युरिया टाकला तरी हे पिवळेपण जात नाही, कारण कमतरता नत्राची नसते.

सातबारा नवऱ्याच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर असतो, म्हणून पत्रिकाही त्यांच्याच नावानं येते आणि कपाटात जाते. ती गटाच्या बैठकीत आणा. सगळ्यांचे आकडे एका मोठ्या कागदावर लिहा. शेजारशेजारच्या शेतांत फरक का, कोणी शेणखत टाकलं, कोणी पाचट कुजवलं, हे एकमेकींना विचारा. कृषी सहायकांना त्याच दिवशी बोलवा. आणि खताची यादी घरात ठरेल तेव्हा पत्रिका हातात घेऊन बसा.