वेल्समधली बैठी चाळ

वेल्सला जाणारा मराठी प्रवासी बहुतेक वेळा लंडनची सहल आटोपल्यावर दोन दिवस हाताशी उरले म्हणून जातो. एखादा किल्ला पाहतो, टेकड्यांवरच्या मेंढ्यांचे फोटो काढतो आणि परततो. धाकटी मुलगी कार्डिफला राहायला गेल्यापासून मी हा मुलूख नातवंडांना घेऊन मनसोक्त हिंडले आहे आणि माझं मत आता पक्कं झालं आहे. मुलंबाळं बरोबर असतील तर वेल्समध्ये आधी राजांकडे जाऊ नये, कामकऱ्यांकडे जावं. लोखंडाच्या खाणीत राबणाऱ्या माणसाचं घर तिथे ज्या निगुतीने जपलं आहे, तेवढी निगा मी अनेक राजवाड्यांनाही लाभलेली पाहिली नाही.

तरी किल्ल्यांचं आधी सांगून टाकते. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने तेराव्या शतकाच्या अखेरीस वेल्स जिंकलं आणि ते मुठीत ठेवण्यासाठी दगडी किल्ल्यांची साखळी उभी केली. त्यांपैकी कॉन्वी, कॅर्नार्व्हन, हार्लेक आणि बोमॅरिस हे चार १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. आपल्या मराठा किल्ल्यांना तो मान २०२५ मध्ये मिळाला. कॉन्वीच्या गावकुसावरून चालत जाता येतं, मुलांना ते फार आवडतं. बोमॅरिस अपुराच राहिला. ‘कादू’ ही वेल्स सरकारची संस्था या किल्ल्यांची देखभाल करते. एक किल्ला जरूर पाहा, पण चारही पाहण्याच्या नादात सुट्टी संपवू नका.

आता सेंट फॅगन्सकडे वळते. कार्डिफच्या पश्चिम वेशीवर, झाडीत पसरलेलं हे उघड्यावरचं संग्रहालय. वेल्सच्या कानाकोपऱ्यांतून उचलून आणलेल्या चाळीसहून अधिक इमारती इथे पुन्हा उभ्या आहेत : शेतकऱ्यांची घरं, पिठाची गिरणी, लोकरीचा कारखाना, टपाल कचेरी, जकातनाका, शाळा, चर्च, किराणा दुकान. तिकीट नाही; गाडी लावण्याचे तेवढे पैसे पडतात. वेल्सच्या सगळ्याच राष्ट्रीय संग्रहालयांत २००१ पासून प्रवेश मोफत आहे. त्यामुळे कार्डिफची कुटुंबं इथे आपण बागेत जातो तितक्या सहज येतात, आजीआजोबांपासून बाबागाडीतल्या बाळापर्यंत सगळी.

या जागेच्या मागे एका माणसाचा ध्यास आहे. योरवर्थ पीट हे लानब्रिनमायर या खेड्यातल्या सुतारकाम करणाऱ्या घराण्यात जन्मले. पुढे ते वेल्श भाषेतले कवी आणि लोकजीवनाचे अभ्यासक म्हणून नावाजले. वेल्समधल्या घरांवर त्यांनी १९४० मध्ये पुस्तक लिहिलं. स्टॉकहोमचं स्कान्सेन हे अशा प्रकारचं संग्रहालय १८९१ मध्येच सुरू झालं होतं. तसं काही आपल्या देशात असावं, ही पीट यांची धडपड. दुसऱ्या महायुद्धानंतर प्लिमथच्या अर्लने सेंट फॅगन्सचा आपला सोळाव्या शतकातला वाडा आणि भोवतालच्या बागा देऊ केल्या, आणि १ जुलै १९४८ रोजी संग्रहालय उघडलं. त्यानंतर चारच दिवसांनी ब्रिटनची सार्वजनिक आरोग्यसेवा सुरू झाली आणि ती सुरू करणारे मंत्री अन्युरिन बेव्हनही वेल्सचेच, खाणकामगाराचे चिरंजीव. युद्धाने खंगलेल्या देशात एकाच आठवड्यात सामान्य माणसाच्या औषधपाण्याची आणि त्याच्या घरादाराच्या आठवणींचीही सोय झाली, हे मला फार मोलाचं वाटतं.

इमारत हलवायची म्हणजे काय करायचं, हे तिथल्या एका वयस्क सेवकाने माझ्या नातवाला शेकोटीजवळ बसवून समजावून सांगितलं. आधी मोजमापं घ्यायची, आराखडे काढायचे, फोटो काढायचे. मग प्रत्येक दगडावर, प्रत्येक तुळईवर क्रमांक घालायचा. त्यानंतरच इमारत उतरवायची, मालमोटारीतून आणायची आणि क्रमांकाबरहुकूम पुन्हा रचायची. सेंट टायलोच्या चर्चला या सगळ्यात वीस वर्षांहून अधिक काळ गेला. भिंतींवरच्या चुन्याच्या पापुद्र्यांखाली मध्ययुगीन चित्रं निघाली होती. ती अलगद सोडवून जतन केली गेली. नव्या जागी चर्च २००७ मध्ये उघडलं तेव्हा भिंतींवर चित्रं पुन्हा रंगवलेली होती, साधारण १५३० च्या सुमारास ती जशी दिसत असतील तशी. जुनं चर्च म्हणजे करडा, गप्प दगड, ही कल्पना त्या लाल-पिवळ्या भिंतींसमोर टिकत नाही. वाडा पाडताना कोरीव खांब कुणाच्या तरी हॉटेलाला विकून बाकीचं लाकूड वखारीत टाकणाऱ्या आपल्या गावांतून आलेल्या मला त्या क्रमांक घातलेल्या दगडांचा खरोखर हेवा वाटला.

आपल्याकडे असं काहीच नाही, असं मात्र नाही. चेन्नईजवळच्या दक्षिणचित्रमध्ये दक्षिणेतली जुनी घरं आणून उभारली आहेत. कोल्हापूरजवळ कणेरी मठाचं ग्रामजीवन संग्रहालय तर अनेक वाचकांनी मुलांसह पाहिलं असेल. तिथे सिमेंटचे बारा बलुतेदार आपापल्या कामात गुंतलेले दिसतात. माणसं हुबेहूब, घरं नव्याने बांधलेली. सेंट फॅगन्समध्ये याच्या उलट आहे. घर अस्सल असतं आणि राहणारी माणसं नसतात. चूल पेटलेली असते, मेजावर पाव असतो, पलंगावर गोधडी असते. उरलेलं मुलं आपल्या मनाने भरतात. मला ही दुसरी रीत अधिक भावते.

केनिक्स्टनचं लालभडक घर मुलं लांबूनच हेरतात. गॉवर द्वीपकल्पावरचं हे शेतघर १६१० चं आहे. भिंतींना लाल रंग कशासाठी, तर घराला वाईट शक्तींची बाधा होऊ नये म्हणून. नातीने हे ऐकल्याबरोबर आपल्या गाडीला टांगलेल्या लिंबू-मिरचीची गोष्ट त्या सेवकाला तपशिलात सांगितली आणि दोघांचं छान जमलं. त्याच आवारात १५०८ चं लाकडी सांगाड्याचं लांबोडकं घर आहे. एकाच छपराखाली एका टोकाला माणसं, दुसऱ्या टोकाला गुरं.

पण मी खरी रेंगाळते ती मर्थर टिडफिलहून आणलेल्या रिड-अ-कारच्या घरांपाशी. मर्थर टिडफिल हे एकेकाळी लोखंडाच्या कारखान्यांनी धगधगणारं गाव. तिथले कारखानदार रिचर्ड क्रॉशे यांनी १७९५ च्या सुमारास आपल्या खाणीतल्या कामगारांसाठी दगडी घरांच्या ओळी बांधल्या. त्यांतली सलग सहा घरं १९८७ पासून सेंट फॅगन्समध्ये आहेत. भिंतीला भिंत लागलेली, बुटक्या दारांची ही बैठी चाळच. खाली चुलीची खोली, तिला लागून निजायची चिंचोळी जागा, वर माळ्यासारखी आणखी एक खोली. संसार एवढ्यातच.

सहाही घरं मांडली आहेत ती सहा वेगवेगळ्या काळांची : १८०५, १८५५, १८९५, १९२५, १९५५ आणि १९८५. घरांचा आकार तोच राहतो. एका दारातून बाहेर पडून शेजारच्या दारात शिरलं की तीस ते पन्नास वर्षं उलटलेली असतात. पहिल्या घरात उघडी चूल आणि मोजकं सामान. पुढे फडताळात चिनी मातीच्या बश्या येतात, चुलीच्या जागी लोखंडी शेगडी बसते, भिंतीवर कागद चढतो, खिडकीला पडदा येतो. मागच्या परसबागाही त्या त्या काळाच्या आहेत, हे पुष्कळ लोक न पाहताच निघून जातात. तुम्ही तसं करू नका. शेवटच्या घरात टीव्ही आहे. तिथे आमचे जावई थबकले. ते सांगलीचे, त्या साली शाळकरी होते. त्यांनी मुलांना बसवून टीव्ही पाहायला शेजारच्या घरी कसे जमत असू, हे रंगवून सांगितलं. शेजारी उभं असलेलं एक वेल्श कुटुंब कान देऊन ऐकत होतं. मग त्यांच्या आजोबांनीही आपल्या टीव्हीची गोष्ट काढली. त्या एवढ्याशा खोलीत आम्ही बराच वेळ अडकून पडलो.

मी तिथे मुलांना एकच खेळ लावून देते : प्रत्येक घरात पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, ते शोधा. पहिल्या घरापासून सहाव्यापर्यंत हा एवढा माग काढला की घरातल्या बाईच्या कष्टांचा दोनशे वर्षांचा इतिहास कुणी न शिकवता कळतो.

पीट यांच्या दृष्टीची एक मर्यादाही इथे सांगायला हवी. त्यांचा जीव होता वेल्श बोलणाऱ्या खेड्यांत, शेतात, हाताच्या कारागिरीत. दक्षिणेकडच्या कोळसा-लोखंडाच्या खोऱ्यांत लाखो माणसं राहत होती, पण त्यांच्या जगण्याला संग्रहालयात फार उशिरा जागा मिळाली. पीट १९७१ मध्ये निवृत्त झाले. रिड-अ-कारची घरं आली ती त्यानंतर. मग १९९५ मध्ये ओकडेलची कामगार संस्था आली. १९१७ ची ही देखणी इमारत खाणकामगारांच्या पगारातून कापलेल्या वर्गणीवर चालली. आत वाचनालय आहे, सभागृह आहे. गिरणगावातली वाचनालयं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांनी इथे थोडं बसावं. आणि २०२४ मध्ये कार्डिफचा व्हल्कन हा कामगारवस्तीतला पब १९१५ च्या रूपात उभा राहिला. चाळ मात्र १९८५ ला थांबली आहे. त्यानंतर चाळीस वर्षं उलटली. सातवं घर व्हायला हवं, आणि त्यात आजच्या कार्डिफमधलं एखादं परदेशातून आलेलं कुटुंब असावं, असं मला मनापासून वाटतं. आमच्या नातीने त्या घरातल्या देव्हाऱ्याची जागाही ठरवून ठेवली आहे.

बागांविषयी लिहायला मला वेगळा लेख लागेल. एवढंच सांगते की मे संपता संपता उत्तर वेल्समध्ये असाल तर बॉडनंट चुकवू नका. हेन्री पोचिन या रसायनतज्ज्ञाने १८७४ मध्ये ही इस्टेट घेतली. तपकिरी साबण पांढरा करण्याची युक्ती शोधून त्याने पैसा मिळवला होता. त्याने लावलेला लॅबर्नमचा कमानदार बोगदा ५५ मीटर लांब आहे. मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला त्याच्या छतातून पिवळ्या फुलांचे घोस लोंबतात. आपल्या बहाव्याखाली उभं राहिल्यासारखं वाटतं. दोन्ही झाडं एकाच कुळातली, शेंगांच्या. मात्र लॅबर्नम विषारी आहे, बिया तर फारच. लहान मुलांचा हात धरूनच चाला.

वेल्शपूलजवळच्या पोविस किल्ल्यात बागेचे उतरते मजले अप्रतिम आहेत, मोरही आहेत. पण भारतीय पाहुण्याचा पाय आत, क्लाइव्ह संग्रहालयात अडखळतो. रॉबर्ट क्लाइव्हचा मुलगा एडवर्ड हा पोविस घराण्याचा जावई. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं तेव्हा तो मद्रासचा गव्हर्नर होता. टिपू सुलतानाच्या सिंहासनावरचं रत्नजडित सोन्याचं वाघाचं मुंडकं इथे आहे. टिपूचा फुलाफुलांचा छापील तंबूही आहे. या घराण्याने तो पुढे बागेतल्या मेजवान्यांना वापरला. ही लूट आहे आणि मुलांना ती लूट म्हणूनच सांगावी. त्याचबरोबर १७९२ च्या श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा इंग्रजांच्या बाजूने होत्या, हेही सांगावं. आम्ही सांगितलं. नातवाने परतीच्या वाटेवर इतके प्रश्न विचारले की गाडीत दुसरा विषय निघाला नाही.

आणि एक पूर्ण दिवस बिग पिटसाठी राखून ठेवा. ब्लेनॅव्हनची ही कोळशाची खाण १९८० मध्ये बंद झाली आणि १९८३ मध्ये संग्रहालय म्हणून उघडली. मोबाइल, घड्याळ, गाडीची किल्ली, बॅटरी असलेली प्रत्येक वस्तू वर काढून ठेवावी लागते, कारण एक ठिणगीसुद्धा खाणीत घातक ठरू शकते. डोक्यावर शिरस्त्राण, त्यावर दिवा, कमरेला बॅटरीचा पट्टा. मग पिंजऱ्यातून ९० मीटर खाली. वाट दाखवणारे बहुधा खाणीत हयात घालवलेले. खाली एका जागी ते सगळ्यांना दिवे मालवायला सांगतात आणि मग मुलांना सांगतात की अशा काळोखात हवेची दारं उघडायला-मिटायला तुमच्याएवढी पोरं दिवसभर बसायची. दहा वर्षांखालच्या मुलांना आणि स्त्रियांना खाणीत उतरवायला १८४२ च्या कायद्याने बंदी झाली. पुढे घोड्यांचे तबेले लागतात, ठाणांवर त्यांच्या नावांच्या पाट्या. आमची नात त्या पाट्या एकेक करून मोठ्याने वाचत राहिली. घोड्यांना जमिनीखालीच निजावं लागे, हे तिला काही केल्या पटेना.

वर आल्यावर १९३९ ची स्नानगृहं पाहायची. त्याआधी कामगार पाळी संपवून कोळशाने माखलेला तसाच घरी जाई आणि बायको चुलीवर पाणी तापवून पत्र्याच्या टबात ओतून देई. घरात कमावते तिघे असले, तर हे तीनदा. खाणीच्या तोंडाशी गरम पाण्याचे फवारे आले आणि तिचं रोजचं केवढं तरी काम कमी झालं. म्हणून माझा आग्रह आहे की आधी सेंट फॅगन्स करा, त्यानंतर बिग पिट. रिड-अ-कारच्या खोल्यांत पाण्याचा माग काढलेली मुलं इथे आली की या नळांकडे वेगळ्याच नजरेने पाहतात. आणि हो, खाली गारठा असतो. भर उन्हाळ्यातही स्वेटर बरोबर ठेवा.