लमाझच्या आधीचं खारकोव्ह

बाळंतपणाच्या तयारीच्या वर्गांमधून ‘लमाझ’ हे नाव आता आपल्या शहरांतही रुळलं आहे. फेर्नां लमाझ हे पॅरिसचे डॉक्टर. त्यांच्याविषयी वाचता वाचता मी अडकले ती मात्र युक्रेनमधल्या खारकोव्हच्या इल्या वेल्वोव्स्कींपाशी, आणि गेली कित्येक वर्षं तिथून पाय निघत नाही.

वेल्वोव्स्की प्रसूतितज्ज्ञ नव्हते; मज्जासंस्थेचे आणि मनाचे डॉक्टर होते. खारकोव्हमध्ये १९२०च्या दशकापासून संमोहनाने कळांची वेदना कमी करण्याचे प्रयोग चालले होते. गुण येई, पण एकेका बाईमागे एकेक संमोहनतज्ज्ञ आणायचा कुठून? दुसऱ्या महायुद्धाने पिचलेल्या देशात भूल देण्याचीही सोय तोकडी. तेव्हा वेल्वोव्स्कींनी संमोहन सोडलं आणि बायकांना शिकवायला घेतलं. गर्भाशय हा स्नायू आहे. तो आवळतो, सैलावतो. प्रत्येक कळेगणिक त्याचं तोंड उघडत सुमारे १० सेंटिमीटरपर्यंत जातं. दोन कळांच्या मध्ये विसावा मिळतो. कळ आली की श्वास कसा घ्यायचा, पोट कसं चोळायचं, हे दिवस भरण्याआधीच समजावून द्यायचं. बाईला तिच्याच शरीराची माहिती द्यावी, हा विचार मला कुठल्याही औषधाइतका मोलाचा वाटतो.

पुढे सोव्हिएत सरकार मध्ये आलं. शरीराच्या प्रतिक्रिया शिकण्यातून घडतात, या शास्त्रज्ञ पावलोव्हच्या सिद्धांतात बसणारी म्हणून ही पद्धत १९५१मध्ये हुकूम काढून देशभर लागू झाली. शिकवणारी माणसं मात्र हुकमाने तयार होत नाहीत. त्याच वर्षी साठीतले लमाझ लेनिनग्राडला गेले, एक बाळंतपण तासन्‌तास जवळून पाहिलं आणि भारावून परतले. पॅरिसमध्ये धातुकामगारांच्या संघटनेच्या ब्लूए प्रसूतिगृहात त्यांनी ही पद्धत सुरू केली आणि जलद, उथळ श्वासाची स्वतःची भर घातली. कम्युनिस्टांची पद्धत म्हणून वाद पेटला. ८ जानेवारी १९५६ रोजी पोप बारावे पायस यांनीच निर्वाळा दिला की, तिच्यात नीतीला बाधणारं काही नाही.

या सगळ्यात मला अस्वस्थ करते ती गुणपद्धती. बाळंतपण आटोपलं की बाईच्या वागण्यावरून शेरा मिळे, ‘उत्कृष्ट’पासून थेट ‘अपयशी’पर्यंत. वेदना शिकण्यातून आलेली, म्हणून शिकवून घालवता येते, असं एकदा ठरवलं की ओरडणारी बाई नापास होणारच. कुणाची कळ किती तीव्र, बाळ कसं वळलेलं, किती तास गेले, याचा हिशेब त्या शेऱ्यात कुठे होता? हा अन्यायच होता, आणि ‘मला जमलं नाही’ म्हणून खंतावणाऱ्या बाळंतिणी आजही भेटतात.

तयारीने भीती ओसरते. वेदना नाहीशी होईलच असं नाही, आणि भूल घेणं हा पराभव नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८मध्ये सांगितलं की, गर्भाशयाचं तोंड ५ सेंटिमीटर उघडेपर्यंतचा काळ प्रत्येकीचा वेगळा असतो आणि पुढेही तासाला १ सेंटिमीटरचा नियम सगळ्यांना लावू नये. तिच्या पसंतीचं माणूस कळा सुरू झाल्यापासून तिच्याजवळ असावं, हेही त्यातच आहे. त्यामागे भक्कम अभ्यास आहेत: सतत सोबत मिळालेल्या बायकांची प्रसूती अधिक प्रमाणात नैसर्गिकपणे होते. म्हणून नाव नोंदवायला जाल तेव्हा खोलीच्या भाड्याआधी हे विचारा: आत माझ्याजवळ कोण थांबू शकेल?