मत आपलंही असतं!

दुपारी चहाला मैत्रिणी जमल्या, की नटीच्या साडीपासून डाळीच्या भावापर्यंत आपण किती ठामपणे बोलतो! पण राजकारणाचं कुणी विचारलं, की लगेच, "ते ह्यांना विचारा." का बरं? डाळीचा भाव हेही राजकारणच की! १९७२-७३ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर मुंबईच्या गृहिणी लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्याच ना?

रंगाचंही तसंच. २०२० साली जगभर वर्णभेदाविरुद्ध आवाज उठला, तेव्हा एका प्रसिद्ध क्रीमच्या नावातलं 'फेअर' गेलं. स्थळांच्या जाहिरातींतली 'गोरी' मात्र अजून ठाण मांडून आहे. मुलासाठी मुलगी बघताना आपला शब्द चालतो, मग तिथं तो खर्ची घालू या. मतदान गुप्त असतं, तेव्हा तिथं स्वतःचंच मत द्या. आणि घरात मात्र ते खुशाल उघड बोला!